हश, आमच्या पट्टीत

जुना बँड परत एकत्र येतोय असं ऐकलं की मला आनंद होतो आणि लगेच धाकधूकही वाटते. पन्नाशीतली माणसं विशीतली गाणी म्हणणार, आपण टाळ्या वाजवणार आणि घरी जाताना हळूच म्हणणार, 'ती मजा नाही राव!'

आपल्या मुंबईच्या रॉक मशीनचंच घ्या. १९८४ साली सुरू झालेला बँड. (आमच्या पिढीला नाव माहीत असायचं काही कारण नाही. मलाही कॉलेजातल्या एका सीनियरमुळे कळलं.) तेव्हाच्या बाकी बँडांसारखे हेही आधी परदेशी गाणीच वाजवायचे. पब्लिकला तेच हवं असायचं. मग हट्टाने स्वतःची गाणी सुरू केली. १९८८ला 'रॉक एन रोल रेनिगेड' हा अल्बम आला, १९९३ला नाव बदलून इंडस क्रीड झालं आणि १९९७ला सगळे पांगले. २०१०ला परत एकत्र आले तेव्हा उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया हे तिघे जुने होते. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे नवे. आणि २०१२ला त्यांनी काढला 'इव्हॉल्व्ह', नव्या गाण्यांचा अल्बम. म्हणजे नुसता जुना बॅकअप रिस्टोअर केला नाही!

पण मला आज सांगायचंय ते दुसऱ्या एका रियुनियनबद्दल, आणि त्यातल्या एका गाण्याबद्दल ज्याच्याकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही.

डीप पर्पल म्हटलं की 'स्मोक ऑन द वॉटर'. गिटार घेतलेलं प्रत्येक पोरगं पहिल्या आठवड्यात तेच वाजवतं आणि शेजारी वैतागतात. पण अमेरिकेत हा बँड पहिल्यांदा गाजला तो 'हश'मुळे, आणि ते गाणं त्यांचं नव्हतंच. लिहिलं जो साउथने, १९६७ला गायलं बिली जो रॉयलने. १९६८ला डीप पर्पलने ते उचललं, सुरुवातीला लांडग्याची आरोळी टाकली, जॉन लॉर्डने त्यात ऑर्गन असा काही वाजवला की गाणं अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं. गायक होता रॉड इव्हान्स.

पुढच्याच वर्षी बँडने इव्हान्सला काढलं आणि इयन गिलन आला. १९७६ला बँड बंद पडला, १९८४ला गिलनसकट परत जमला. आणि १९८८ला, बँडला वीस वर्षं झाली म्हणून, त्यांनी 'हश' पुन्हा रेकॉर्ड केलं. 'नोबडीज परफेक्ट' या लाइव्ह अल्बममध्ये हे एक स्टुडिओतलं गाणं आहे. बघा हं, गाणं मुळात दुसऱ्याचं. बँडमध्ये ते गाजवलं तिसऱ्याने. आणि आता गाणार चौथाच. गिलनने इव्हान्सची नक्कल केली नाही. स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या पद्धतीने गायला.

हे सगळं आत्ता का सुचतंय? तर आमचाही एक बँड होता. इंजिनिअरिंगला असताना पाच जण. मी कीबोर्डवर. फेस्टिव्हलला आम्ही 'हश' वाजवायचो. पब्लिक त्या वेळेला चहा प्यायला जायचं, पण आमच्या गायकाचं ते सगळ्यात लाडकं गाणं. वरच्या पट्टीत, डोळे मिटून गायचा.

एप्रिल २०२१मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, तो गेला. चोवीस वर्षांचा होता.

यंदा डिसेंबरात कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. कोणीतरी ग्रुपवर टाकलं, 'तुमचा बँड वाजवणार ना?' दोन दिवस कोणी उत्तरच दिलं नाही. मग ड्रमरने लिहिलं, 'बसूया तरी.' बेगडेवाडीला माझा फ्लॅट आहे. एक जण तळेगावहून, एक चिंचवडहून आणि एक पुण्याहून, तिघे लोकलने येतात. कीबोर्डचा आवाज अगदी बारीक आणि ड्रम्स म्हणजे दोन उश्या. सोसायटी अजून काही बोललेली नाही.

बाकीची गाणी पटापट ठरली. 'हश'वर गाडी अडली. बासिस्ट म्हणाला, ते नकोच, त्याच्याशिवाय नको. ड्रमरकडे मोबाइलवर २०१८चं रेकॉर्डिंग आहे, तो म्हणाला त्याचाच आवाज लावू आणि आपण मागे वाजवू. लावून पाहिलं. पहिलं कडवं संपेपर्यंत आम्ही चौघंही थांबलो होतो.

रॉड इव्हान्सला बँडने काढलं होतं, आमचा मित्र गेला, हा फरक मला कळतो. गिलनला गाताना असं काही वाटलं नसेल. पण गाण्याकडे बघितलं तर साउथकडून रॉयलकडे, तिथून इव्हान्सकडे, मग गिलनकडे असं ते हातोहात आलं. आमच्या मित्राने त्यांच्याकडून घेतलं. आम्ही ते गाळलं, तर निदान आमच्यापुरतं ते त्याच्यापाशी थांबतं. आणि त्याच्यासारखं गायला गेलो तर लोक फक्त त्याचं नसणं ऐकतील.

हे मी त्यांना इतकं नीट सांगितलं नाही, सांगता आलंही नसतं. एवढंच म्हटलं, 'मी गातो. पण माझ्या पट्टीत.'

माझी पट्टी त्याच्यापेक्षा चांगली चार सूर खाली आहे. बासिस्टला सगळं नव्याने बसवावं लागतंय आणि तो कुरकुर करतोय, पण ते गाणं नको असं आता म्हणत नाही. यादीत ते मधेच कुठेतरी ठेवलंय, पूर्वीसारखंच. चहाला ज्यांना जायचं ते जातील. लांडग्याची आरोळी कोण देणार यावर मात्र अजून वाद चालू आहे :)