ठिपक्यात उरलेले

नाग नदीला नागपुरात सहसा कुणी नदी म्हणत नाही. शहराचं सांडपाणी पोटात घेऊन ती वाहते, आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका प्रॅक्टिकलला नेमकं तेच पाणी लागतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आम्ही नाकाला ओढण्या बांधून, दोरीला लावलेली बाटली पुलावरून खाली सोडून ते भरून आणलं. लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज केलं, वरचं पाणी वेगळं काढलं, क्लोरोफॉर्म घालून हलवलं. आता त्यात जिवंत जिवाणू नव्हते. उरले होते फेज, म्हणजे जिवाणूंवर जगणारे विषाणू. हे पाणी थोडं, ई. कोलायचं ताजं कल्चर थोडं, दोन्ही कोमट सॉफ्ट अगारमध्ये मिसळून प्लेटवर ओतायचं आणि 37 अंशांवर रात्रभर ठेवून द्यायचं.

सकाळी प्लेटभर जिवाणूंचा दुधट थर दिसतो आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ, आरपार दिसणारे ठिपके. प्रत्येक ठिपका एका फेजपासून सुरू झालेला असतो. एक फेज एका जिवाणूत शिरतो, आत शेकडो होतात, जिवाणू फुटतो, शेजारचे धरले जातात. या ठिपक्याला प्लाक म्हणतात. प्लाक मोजायचे, डायल्यूशनने गुणायचे, जर्नलमध्ये आकडा लिहायचा, सही घ्यायची. प्रॅक्टिकल संपलं.

माझ्या प्लेट्स मात्र इन्क्युबेटरमध्ये तशाच राहिल्या. दोन-तीन दिवसांनी मोठ्या प्लाकच्या मधोमध बारीक वसाहती उगवलेल्या दिसल्या. जिथे सगळे मेले होते, तिथेच. जर्नलमध्ये त्यांच्यासाठी रकाना नव्हता. सरांना विचारलं तर म्हणाले, "रेझिस्टंट असतील." कशामुळे, हे विचारल्यावर म्हणाले, "एम.एस्सी.ला कळेल."

एम.एस्सी.ला कळलं, पण एका झटक्यात नाही. खरं तर या एका प्रश्नाची उत्तरं मला आजवर टप्प्याटप्प्याने मिळत आली आहेत, आणि दर वेळी आधीचं उत्तर खोटं न ठरता अपुरं ठरलं.

पहिलं उत्तर 1943 सालचं. साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी दाखवलं, की फेजला दाद न देणारे जिवाणू फेज येण्याआधीच गर्दीत असतात. फेज जिवाणूच्या पृष्ठभागावरचं एखादं ठरावीक प्रथिन धरून आत शिरतो. लाखो-कोटी जिवाणूंमध्ये एखाद्याचं ते प्रथिन योगायोगाने बिघडलेलं असतं, आणि फेजला त्याला धरता येत नाही. माझ्या प्लेटवरच्या बहुतेक वसाहती अशाच असणार. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. मला ते थोडं निराश करणारं वाटलं. बिघाडामुळे वाचला, यात जिवाणूने स्वतः काय केलं?

दुसरं उत्तर बर्फाच्या डब्यातून आलं. पुण्यात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला रिस्ट्रिक्शन एन्झाइम पहिल्यांदा हाताळायला मिळालं. उणे वीस अंशांच्या फ्रीजरमधून ती इवलीशी नळी बाहेर काढण्याचा अधिकार एकट्या मॅडमना होता. त्या स्वतः एक मायक्रोलिटर घालून देत, आणि पिपेटचं टोक किती खोल बुडवायचं यावरून ओरडा बसे. लॅम्डा फेजचा डीएनए 48,502 अक्षरांचा. हिंडथ्री हे एन्झाइम त्याला बरोबर सात ठिकाणी कापतं आणि आठ तुकडे होतात. जेल यूव्ही खाली धरलं की नारिंगी पट्टे चमकतात. आम्ही ते पट्टे पाहून खूश होतो. हे एन्झाइम कुठून आलं, कशासाठी होतं, हे फारसं कुणी विचारत नव्हतं. कॅटलॉगमध्ये त्याची किंमत होती, तापमान होतं, बफर होतं. ज्या जिवाणूचं ते होतं, तो हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, नावातल्या तीन अक्षरांपुरता उरला होता.

त्यामागची गोष्ट मी ग्रंथालयात बसून वाचली. लुरिया तेव्हा अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात होते. एका बदललेल्या ई. कोलायमध्ये टी2 फेज शिरायचा, जिवाणू मरायचे, पण नवे फेज बाहेर पडल्याचं काही दिसेना. एक दिवस तपासणीसाठी लागणाऱ्या नेहमीच्या ई. कोलायची नळी फुटली. लुरियांनी सहकारी बर्तानी यांच्याकडून शिगेलाचं, म्हणजे आमांशाच्या जिवाणूचं कल्चर मागून घेतलं. त्यावर भरपूर प्लाक उमटले! फेज बाहेर पडतच होते. ते आता नेहमीच्या ई. कोलायला चालत नव्हते, शिगेलाला चालत होते. 1952 मध्ये हे छापून आलं. जिवाणू येणाऱ्या फेजची झडती घेतात, अशी शंका तिथून सुरू झाली.

या झडतीचं कोडं पुढे जिनिव्हात वर्नर आर्बर यांनी सोडवलं. जिवाणूकडे दोन एन्झाइम्स असतात. एक डीएनएवरचा ठरावीक मजकूर शोधून तो कापतं. दुसरं तोच मजकूर स्वतःच्या डीएनएवर सापडला की तिथे मिथाइलचा बारीकसा गट चिकटवतं. गुरांना डाग दिलेला असला की ती कोणाची हे कळतं, तसंच हे. डाग असेल तर सोड, नसेल तर काप. 1970 मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये हॅमिल्टन स्मिथ यांनी अगदी नेमक्या जागी कापणारं एन्झाइम वेगळं काढलं, तिथल्याच डॅनियल नेथन्स यांनी त्याचा वापर करून विषाणूच्या डीएनएचा नकाशा काढला, आणि 1978 चं नोबेल तिघांना मिळालं. तेव्हा आर्बर यांच्या दहा वर्षांच्या मुलीने, सिल्व्हियाने, बापाचा शोध गोष्ट करून सांगितला होता. त्यात डीएनए हा लांब, सडपातळ राजा आहे आणि एन्झाइम्स हे ठेंगणे, जाडे नोकर. परका राजा घुसला तर कात्री घेतलेला नोकर त्याचे तुकडे करतो, आपल्या राजाला मात्र धक्का लावत नाही. नंतर हुशार माणसांनी हा नोकर उसना घेऊन सगळ्या राजांची गुपितं उघडली.

वर्तमानपत्रांनी या गोष्टीतली कात्री उचलली आणि आजतागायत खाली ठेवलेली नाही. मला त्या पोरीचं दुसरं वाक्य मोलाचं वाटतं, धक्का लावत नाही हे. डीएनए कापण्यात मर्दुमकी काय आहे? आपल्या घामात, थुंकीत डीएनए खाणारी एन्झाइम्स असतात, म्हणून तर लॅबमध्ये हातमोजे घालायचे. अवघड आहे ते आपलं कोणतं आणि परकं कोणतं हे ओळखणं. जिवाणूला ना डोळे, ना मेंदू, आणि वेळ काही मिनिटांचा. टी4 सारखा फेज वीस-पंचवीस मिनिटांत काम उरकून बाहेर पडतो.

तिसरं उत्तर आलं तेव्हा मी विदर्भात परतून कॉलेजात शिकवत होते. 2007 च्या मार्चमध्ये 'सायन्स'मध्ये रोडॉल्फ बारांगू, फिलिप होर्व्हाथ आणि सहकाऱ्यांचा लेख आला. ही मंडळी डॅनिस्को या कंपनीत दही आणि चीजच्या विरजणाचे जिवाणू सांभाळत. या धंद्यात फेज म्हणजे हजारो लिटर दूध वाया. त्यांनी स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसवर मुद्दाम फेज सोडला आणि जे उरले ते वेगळे काढले. म्हणजे माझ्या जर्नलमध्ये ज्यांना रकाना नव्हता, ते! त्यांचा डीएनए वाचला, तर ठरावीक जागी नवा मजकूर आलेला होता, आणि तो मजकूर हल्ला केलेल्या फेजचाच होता. तो काढून टाकला की जिवाणू पुन्हा बळी पडत. बिघाड नाही, डाग नाही. या जिवाणूंनी शत्रूचा तुकडा स्वतःच्या जनुकांत लिहून ठेवला होता, आणि तो पुढच्या पिढ्यांनाही मिळत होता.

ती जागा आधी माहीत नव्हती असं नाही. 1987 मध्ये ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो आणि सहकाऱ्यांना ई. कोलायमध्ये 29 अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा आलेला दिसला, मध्ये 32 अक्षरांचं अंतर ठेवून. त्यांनी तसं लिहून ठेवलं, अर्थ लागला नाही. स्पेनमध्ये आलिकांतेच्या फ्रान्सिस्को मोहिकांना तशीच रचना सांता पोलाच्या मिठागरांतल्या सूक्ष्मजीवांत सापडली. 2003 मध्ये त्यांनी मधल्या तुकड्यांचा मजकूर जगभरच्या नोंदींशी ताडून पाहिला, तर त्यातले काही फेजचे निघाले. ही जिवाणूंची रोगप्रतिकारशक्ती आहे, असं सांगणारा त्यांचा लेख एकामागून एक नियतकालिकांनी परत केला. शेवटी तो 2005 मध्ये छापून आला. या रचनेचं नाव क्रिस्पर, आणि तिच्या मदतीने कापणाऱ्या प्रथिनांपैकी सर्वांत गाजलेलं कॅसनाइन. 2012 मध्ये इमॅन्युएल शार्पाँटिए आणि जेनिफर डाउडना यांच्या गटांनी दाखवलं, की या प्रथिनाला वीस अक्षरांचा हवा तो पत्ता देता येतो. 2020 मध्ये दोघींना नोबेल मिळालं.

इथेही वर्गात मुलं कापण्यापाशी थांबतात. मी त्यांना एक प्रश्न घालते. फेजचा मजकूर आता जिवाणूच्या स्वतःच्या डीएनएतही आहे. मग कॅसनाइन तिथेच का कापत नाही? बहुतेक वर्षी शांतता पसरते. उत्तर असं, की पत्ता जुळला तरी कॅसनाइनला लगेच पुढे एक खूण लागते, कोणतंही एक अक्षर आणि त्यानंतर दोन जी. फेजच्या डीएनएत ती खूण असते. जिवाणूच्या साठ्यात त्या जागी पुन्हा पुन्हा येणारा तो ठरलेला तुकडा असतो आणि त्यात ती नसते. दोन अक्षरांवर जीव तोललेला आहे. एक गंमतही सांगते. प्रयोगशाळेतल्या ई. कोलायच्या अंगी क्रिस्पर आहे, पण नेहमीच्या परिस्थितीत त्याचंच एक प्रथिन ते दाबून ठेवतं. त्यामुळे नाग नदीच्या प्लेटवर उरलेल्यांना क्रिस्परने वाचवलं असण्याची शक्यता जवळजवळ नाही.

गेल्या काही वर्षांत तर उत्तरांचा पूर आला आहे. 2018 मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये रोटेम सोरेक यांच्या गटाने जिवाणूंच्या अनेक नव्या संरक्षण यंत्रणा एकदम शोधल्या आणि त्यांना देशोदेशीच्या रक्षक देवतांची नावं दिली. थोएरिस इजिप्तची, हाचिमान जपानचा, झोर्या स्लाव्हांची, लामासू मेसोपोटेमियाचा. वेशीवरचा म्हसोबा यादीत नाही याचं मला दरवर्षी वाईट वाटतं, आणि जो विद्यार्थी नवी यंत्रणा शोधेल त्याने हे नाव द्यावं असं मी सांगून ठेवलं आहे. यातल्या काही यंत्रणा वाचवतच नाहीत. फेज शिरल्याचं कळलं की जिवाणू स्वतःलाच मारून टाकतो, फेजची पैदास पूर्ण होण्याआधी. तो मरतो, शेजारचे जगतात, आणि प्लेटवर प्लाक उमटतच नाही. म्हणजे मी इतकी वर्षं उरलेल्यांकडे पाहत राहिले, आणि काही सुरक्षित दिसणाऱ्या जागी कुणीतरी आधीच मेलेलं होतं. विषाणू आल्याची वर्दी देणारं आपल्या पेशींतलं एक एन्झाइम जिवाणूंच्या अशाच एका यंत्रणेचं नातलग आहे. दोन्हींमध्ये साधारण एकाच जातीचा इशारा धावतो.

माझ्या वर्गात गडचिरोलीची मुलं असतात. त्यांना सिकलसेल पुस्तकातून शिकवावा लागत नाही. कोण वाहक, कोण ग्रस्त हे शब्द त्यांनी गावातल्या शिबिरांत ऐकलेले असतात. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा बदल, एवढंच कारण. 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने क्रिस्परवर आधारलेल्या पहिल्या उपचाराला, कॅसजेव्हीला, मान्यता दिली. पुष्कळांना वाटतं की तो चुकीचं अक्षर दुरुस्त करतो. तसं नाही. तो ते अक्षर तसंच ठेवतो आणि दुसऱ्याच एका जनुकाचं नियंत्रण मोडतो, म्हणजे गर्भात असताना चालणारं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं.

हे सांगितल्यावर गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "मॅडम, कॅसनाइन तर जिवाणूचं. मग आपलं शरीर त्याला परकं नाही का म्हणणार?"

म्हणतंच. कॅसनाइन ज्या स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिसचं, त्याने घसा धरलेला नाही असा माणूस विरळा. 2019 मध्ये छापलेल्या एका तपासणीत 58 टक्के लोकांच्या रक्तात त्याविरुद्ध अँटिबॉडी मिळाल्या. कॅसजेव्हीत पेशी शरीराबाहेर काढून बदलतात आणि मग परत देतात, तोवर कॅसनाइन पेशीत जवळपास उरत नाही. पेशी परत द्यायच्या आधी मात्र किमोथेरपीने जुनी मज्जा रिकामी करावी लागते. मी तिला हे सगळं सांगितलं. मग तिने किंमत विचारली. अमेरिकेत 22 लाख डॉलर, असं म्हटल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. तिचा भाऊ एसएस, म्हणजे सिकलसेलग्रस्त आहे, हे मला नंतर कळलं.

म्हणून मी दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संस्थेबद्दलही सांगितलं. तिथे सिकलसेलसाठी आपली स्वतःची क्रिस्पर पद्धत तयार झाली आहे, 2025 च्या नोव्हेंबरात ती बिरसा मुंडांच्या नावाने जाहीर झाली, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेलं आहे. रुग्णाच्या हाती पडायला वेळ लागेल, हेही सांगितलं.

तिने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "सीरम पुण्यात नेमकं कुठं आहे जी?"

"हडपसरला," मी म्हटलं.