एका दाढेसाठी सातारा-सांगली

मैत्रिणींनो, दाढ पडली की आपण बायका काय करतो? दुसऱ्या बाजूनं चावायला लागतो! मीही तेच केलं, तब्बल अकरा वर्षं. वरच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा काढल्या तेव्हा ‘हसताना दिसत तर नाहीत ना, मग राहू देत’ म्हणून गप्प बसले. पण सांगलीला अक्काकडे गेलं की भडंगाची परात पुढं येते, आणि मी आपली शेंगदाणे बाजूला सारून नुसते चुरमुरे चघळत बसते. शेवटी अक्काच चिडली. “अगं, साठी यायच्या आत म्हातारी झालीस की!”

साताऱ्यात एका दवाखान्यात चौकशी केली होती. “एका दिवसात स्क्रू बसवून टाकू,” म्हणाले. साधा एक्स-रेसुद्धा न काढता! मला ते पटलं नाही. अक्काच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी त्रिमितीय स्कॅन काढायला लावला आणि पडद्यावर माझाच जबडा मला दाखवला.

वरच्या दाढांच्या डोक्यावर, गालाच्या आत, हवेची एक पोकळी असते. तिलाच सायनस म्हणतात. दाढ गेली की खालचं हाड झिजत जातं आणि वरून ही पोकळी खाली उतरते. माझं हाड उरलं होतं जेमतेम चार मिलिमीटर. स्क्रू रोवायचा कशात? म्हणून पोकळीचा तळ अलगद वर उचलायचा आणि खाली हाडाची पूड भरायची. याला सायनस लिफ्ट म्हणतात.

सगळी मेख आहे ती पोकळीच्या आतल्या अस्तरात. अंडं सोलताना कवचाखाली पापुद्रा लागतो ना, तस्सा! तो फाटला की पूड पोकळीत सांडायची, पू व्हायची भीती. १९७६ साली अमेरिकेत टाटम नावाच्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. हाडाला बाजूनं छोटी खिडकी पाडायची, पण ती फिरत्या ड्रिलनं, आणि ड्रिलला हाड काय नि पापुद्रा काय, सारखंच. १९९४ मध्ये समर्स यांनी खालूनच, स्क्रूच्या भोकातून हलके ठोके देत तळ उचलायची रीत सांगितली. जखम लहान, पण ठोक्यांनी काहींना नंतर चक्कर येते. आता ध्वनीच्या सूक्ष्म कंपनांवर चालणारं हत्यार आलंय, पिएझो म्हणतात त्याला. ते कडक हाड कापतं आणि मऊ अस्तराला सहसा धक्का लावत नाही. डॉक्टरीणबाईंनी बोटाच्या नखावर टेकवून दाखवलं तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. हाड सहा-सात मिलिमीटर शिल्लक असेल तर आखूड स्क्रूवर भागतं, लिफ्टची गरजच नाही, हेही त्यांनीच सांगितलं. हे तुम्ही विचारूनच घ्या बरं का!

मी विचारलं, “पूड कशाची?” त्या म्हणाल्या, “गाईबैलांच्या हाडापासून शुद्ध केलेली मिळते, आणि कारखान्यात बनवलेली कृत्रिमही मिळते. काकू, तुम्ही सांगाल ती.” मी कृत्रिम सांगितली. न विचारता कुणी भरली असती तर?

मग त्यांनी विचारलं, “तंबाखू, मिश्री काही?” शेजारी हे बसलेले. मी पटकन ‘नाही’ म्हटलं.

खरं सांगू? लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनीच डबी हातात दिली होती. तेव्हापासून रोज पहाटे न्हाणीघरात, चुलीवर भाजलेली मिश्री. यांना ठाऊक नाही असं मला वाटायचं. त्या रात्री अक्काच्या गच्चीवर मला झोप लागेना. तंबाखूनं जखम भरायला उशीर होतो, बसवलेला स्क्रू निसटू शकतो, हे दुपारीच ऐकलं होतं. इतका खर्च, आणि तो मी खोटं बोलून वाया घालवणार? सकाळी अक्काला सांगितलं. ती म्हणाली, “आधी डॉक्टरांना सांग.” आणि गाडीत यांना सांगितलं तर हे म्हणाले, “मला वास येत नाही की काय?”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. फक्त तारीख तीन महिने पुढं ढकलली आणि तोंड तपासून घेतलं. पहिले पंधरा दिवस काय सांगू, डोकं भणभणायचं. लवंग चघळली, बडीशेप खाल्ली, दोनदा चुकले, पुन्हा लागले.

शस्त्रक्रिया भुलीच्या इंजेक्शनवरच झाली. अस्तर शाबूत राहिलं. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, अशी पथ्यं. अक्काचा आग्रह, “पंधरा दिवस इथंच राहा.” पण तिचं घर मार्केट यार्डाजवळ, आणि दिवस नव्या हळदीच्या आवकेचे! गल्लीत पाऊल टाकलं की शिंका. मी आपली संध्याकाळच्या गाडीनं साताऱ्याला परतले, नाकाला पदर लावून.

हाड घट्ट व्हायला सहा महिने गेले, मग स्क्रू बसला. वरची टोपी बसायला अजून थोडा अवकाश आहे. जवळपास विचारायचं असेल तर कऱ्हाडला कृष्णा विश्व विद्यापीठाचं आणि सांगलीला भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे. जाताना मिश्रीचं खरं खरं सांगा. अक्कानं भडंगाची परात तयार ठेवलीय म्हणे, शेंगदाणे जास्त घालून.