खेळ आणि डाव

मराठीत ‘खेळ’ आणि ‘डाव’ हे शब्द शेजारी-शेजारी नांदतात. पण त्यांचा स्वभाव एक नाही. खेळ दोघांनी मिळून खेळायचा असतो, डाव मात्र एकाने दुसऱ्यावर साधायचा असतो. भातुकलीतला चहा खोटा आहे हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखेच ठाऊक असते, म्हणून तिथे फसवणूक नसते. प्रेमिकांच्या लपंडावावर बेतलेले विनोदी चित्रपट पाहताना हा फरक मला वारंवार आठवतो. डोनाल्ड पेट्री दिग्दर्शित ‘हाऊ टू लूज अ गाय इन टेन डेज’ (२००३) हा चित्रपट तर मला याच फरकाभोवती फिरणारा वाटतो.

अँडी (केट हडसन) न्यूयॉर्कमधल्या एका स्त्री-मासिकात ‘अमुक कसे करावे’ छापाचे सदर लिहिते. तिला खरे तर राजकारणावर लिहायचे आहे. प्रेमाच्या सुरुवातीला स्त्रिया ज्या चुका करतात त्या सगळ्या मुद्दाम करून दहा दिवसांत पुरुषाला पळवून लावायचे आणि त्यावर लेख लिहायचा, अशी कामगिरी ती अंगावर घेते. बेन (मॅथ्यू मॅकॉनहे) जाहिरात कंपनीत आहे. हिऱ्यांच्या जाहिरातीचे काम मिळावे म्हणून त्याने तेवढ्याच दिवसांत एका स्त्रीला प्रेमात पाडण्याची पैज लावली आहे. तिला त्याला घालवायचे आहे, त्याला तिला टिकवायचे आहे. आणि हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नाही.

विनोदाचे यंत्र इथूनच फिरू लागते. ती त्याच्या घरात आपल्या प्रेमाचे प्रतीक म्हणून नेचाचे रोप आणून ठेवते, न्हाणीघरातले कपाट आपल्या वस्तूंनी भरते, होणाऱ्या मुलांच्या कल्पित छायाचित्रांचा अल्बम बनवते, बास्केटबॉलचा सामना ऐन रंगात आला असताना त्याला शीतपेय आणायला पिटाळते. तो हे सारे सोसतो. यातली मर्मभेदक गोष्ट अशी की, पैजेपोटी दाखवलेला संयम बाहेरून प्रेमासारखाच दिसतो. आपण हसतो ते त्याच्या दुर्दशेला. पण त्या हसण्याखाली एक अस्वस्थ शंका राहते. समोरच्याच्या चांगुलपणामागचे कारण आपल्याला कधी तरी कळते का?

देवलांच्या ‘संशयकल्लोळा’त घोटाळ्याचे मूळ एका तसबिरीत आहे, प्रेमिकांनी तो आखलेला नसतो. इथे मात्र घोटाळा दोन्ही बाजूंनी आखलेला आहे. या जातीच्या विनोदाचा पूर्वज शोधायचा तर १७३० साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आलेल्या मारिव्होच्या ‘प्रेम आणि योगायोगाचा खेळ’ या नाटकाकडे जावे लागते. नियोजित वराची पारख करता यावी म्हणून सिल्व्हिया दासीचे सोंग घेते. नेमक्या त्याच हेतूने वर दोरांतही नोकराच्या वेषात येतो. दोन्ही सोंगांची बातमी फक्त सिल्व्हियाच्या वडिलांना आणि भावाला असते. चित्रपटातही बेनच्या दोन सहकारिणींना अँडीची कामगिरी आधीच कळलेली असते आणि म्हणूनच त्या पैजेसाठी तिला निवडतात. जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनंतरही सांगाडा तोच आहे.

पण हेतू बदलला आहे. पुरुष चारचौघांत एक आणि घरात दुसराच चेहरा धारण करतो, ही सिल्व्हियाची धास्ती आहे. लग्नानंतर स्त्रीच्या हाती काही उरत नाही, म्हणून ती आधीच पाहून घेते. दोरांतने आपली ओळख उघड केल्यावरही ती सोंग टाकत नाही. दासी समजून तो आपल्याला लग्नाची मागणी घालतो का, हे तिला हवे असते. अँडी आणि बेन यांना मात्र एकमेकांविषयी काहीच जाणून घ्यायचे नाही. एकीला लेख हवा, दुसऱ्याला कंत्राट. सोंग तेच, पण तिथे ते पारखण्याचे साधन होते, इथे ते कचेरीतले काम झाले आहे. ही मला या चित्रपटातली सर्वांत आधुनिक आणि सर्वांत उदास गोष्ट वाटते.

वर्गात या दोन कृतींची तुलना करत असताना एका विद्यार्थिनीने विचारले होते, “यांचे प्रेम नेमके कोणत्या दिवशी सुरू झाले?” दिवस सांगता येत नाही, जागा मात्र दाखवता येते. बेन तिला स्टेटन आयलंडवर आपल्या घरी नेतो. तिथे सारे कुटुंब पत्ते खेळत बसते. हातातल्या पानांविषयी बिनदिक्कत खोटे बोलायचे आणि दुसऱ्याचे खोटे पकडले तर ‘थाप!’ म्हणून ओरडायचे, असा तो खेळ. संपूर्ण चित्रपटात खोटे बोलण्याची उघड परवानगी आहे ती इथेच, आणि अँडी पहिल्यांदा खरी वागते तीही इथेच. त्याची आई तिला जवळ घेते तेव्हा ती अवघडते, कारण या घरात डाव नाही, खेळ आहे.

पुढे मेजवानीत दोघांची कारस्थाने इतरांच्या तोंडून फुटतात आणि भर सभेत, सूर सोडून, दोघे एकमेकांवर गाण्यातून आग पाखडतात. ते गाणे बेसूर आहे, पण त्यात डाव नाही. शेवटी वॉशिंग्टनला निघालेल्या अँडीला बेन पुलावर गाठतो. ‘तुझे हे डावपेच पुढच्या पैजेसाठी ठेव’, अशा अर्थाचे ती बोलते आणि तो पत्त्यांच्या खेळातलाच तो शब्द तिच्यावर फेकतो. डावाच्या भाषेला खेळाच्या भाषेने दिलेले हे उत्तर मला मनापासून आवडते.

तरी एक हिशेब जुळत नाही. नोकरी सोडते ती अँडी, मुलाखतीचा प्रवास अर्धवट टाकून मागे फिरते तीही अँडीच. लबाडी दोघांनी सारखी केली म्हणून ती फिटली, असे चित्रपट सुचवतो. पण समेटाची किंमत मात्र सारखी वाटत नाही. सिल्व्हियाने सोंग इतका वेळ का धरून ठेवले, ते अशा वेळी उमगते. खेळ संपल्यावर कुणाच्या पदरात काय पडणार आहे, हे तिला पडदा उघडण्याआधीच ठाऊक होते.