बुचांचं यंत्र

आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही, पण माळ्यावर बिअरच्या शंभरेक रिकाम्या बाटल्या होत्या. मे निम्मा सरला की अण्णा त्या खाली काढत. आजीला त्या डोळ्यांसमोर नको असत. आधी राखेने घासायच्या, मग सोड्याच्या कढत पाण्यात बुडवायच्या, मग दोन दिवस अंगणात उन्हात. एवढं करूनही लेबलाचा कपटा चिकटलेला दिसला की ती बाटली पुन्हा पाण्यात.

आमच्या दापोलीकडे बागवाल्याच्या लेखी आंबा दोनच जातींचा, पेटीचा आणि कॅनिंगचा. निडाग हापूस पेटीतून मुंबईला. डागी, बारका, पावसाच्या तोंडावर एकदम पिकलेला कॅनिंगला, किलोवर. तिथे दर पडला की अण्णा म्हणत, "राहू दे, आपणच भरू."

मग पडवीत रस काढणं चाले. गाळून, गरम करून तो बाटल्यांत ओतायचा, वर दोन बोटं जागा सोडायची आणि यंत्राचा लोखंडी दांडा खाली ओढायचा. कर्र आवाज होऊन बूच बाटलीच्या ओठावर चेपून बसे. बुचाला एकवीस दाते असतात, हे मी तेव्हाच मोजलं होतं. मग तळाला गोणपाट घातलेल्या हंड्यात, गळ्यापर्यंत पाण्यात, बाटल्या अर्धा तास उकळायच्या. एकदा घाईने मी कढत बाटली ओल्या फरशीवर ठेवली. तिचं बूड नाणं पडावं तसं टिंग करून सुटलं आणि चार-पाच आंब्यांचा रस माझ्या पायांवर. अण्णा काही बोलले नाहीत. आजी दोघांच्या वाटचं बोलली.

पुढे कधीतरी वाचलं की ही युक्ती निकोला आपेर या फ्रेंच हलवायाची. १८१० साली त्याला तिच्यासाठी सरकारकडून बारा हजार फ्रँक मिळाले, आणि सुरुवातीला त्याने शँपेनच्या बाटल्या वापरल्या होत्या. आजी असती तर तिला हे नक्की सांगितलं असतं. उकळून बंद केलेलं अन्न का टिकतं, हे मात्र आपेरलाही ठाऊक नव्हतं. जंतूंचा उलगडा पाश्चरने केला, तो पुढे पन्नासेक वर्षांनी.

खरं सांगायचं तर बाटलीतला रस म्हणजे आमरस नव्हे. त्याला शिजका वास येतो, रंगही उतरतो. डीप फ्रीझरमधला रस केव्हाही सरस. म्हणून घरात फ्रीझर आला आणि यंत्र माळ्यावर गेलं. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. कलमं आडवी झाली, विजेचे खांब आडवे झाले, आणि फ्रीझरमधला वर्षाचा रस चार दिवसांत आंबून गेला. माळ्यावर जुन्या रसाच्या सात बाटल्या तेवढ्या शाबूत होत्या. त्या आठवड्यात अण्णांकडे येईल त्याला पाण्याऐवजी रस मिळाला.

त्यानंतर यंत्र मी पुण्याला आणलं. गच्चीवर टोमॅटो होते. लिंबू पिळून त्यांचा रस भरला, छान टिकला. मग हौसेने फरसबी भरली. मिठाचं पाणी, अर्धा तास उकळी, सगळं अण्णांसारखं. दीड महिन्याने पाणी गढुळलं. मी फोन लावला.

"अगं, फरसबीला आंबट कुठाय?" अण्णा म्हणाले. "आंबट असतं तेच बाटलीत राहतं. भाजी वाळवावी, नाहीतर मिठात घालावी."

नववी शिकलेल्या माणसाचं हे बोलणं शास्त्राला धरून निघालं. बोटुलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. त्यांना दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते. आंब्याच्या आंबटपणात ते रुजत नाहीत, फरसबीत खुशाल रुजतात, आणि त्यांचं विष जीव घेऊ शकतं. वाईट म्हणजे पाणी दर वेळी गढुळतंच असं नाही. माझं गढुळलं, हे नशीब.

तेव्हा गच्चीवर फरसबी उदंड आली तर खा, शेजारी वाटा, अगदीच उरली तर गाईला घाला. घरच्या हंड्यात उकळून बाटलीत मात्र भरू नका.