अक्कांचा कापूस

कोजागरीला तुळजापूरला अनवाणी चालत जायचं, हा आमच्या घरचा तीन पिढ्यांचा नेम. मधुमेह होऊन नऊ वर्षं झाली, तरी मी तो मोडला नव्हता. त्या वर्षी दर्शन करून परतलो आणि दुसऱ्या सकाळी अक्का दारातच थबकल्या. "गुरुजी, फरशीवर हे कशाचं उमटलंय ओ?"

माझ्या टाचेचं रक्त होतं. मला पत्ताच नव्हता.

अक्का आमच्या गावच्या भारतवैद्य. अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या ज्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं, त्यांतल्या एक. वयानं माझ्यापेक्षा वडील. मी संकोचानं पाय आखडला, तर त्यांनी तो सरळ मांडीवर घेतला, धुतला. मग दुसऱ्या पायाच्या बोटांशी कापसाची वात नेत म्हणाल्या, "डोळे मिटा. लागलं की सांगा."

मी वाट बघत राहिलो. शेवटी विचारलं, "लावताय ना?"

"चारदा लावला, गुरुजी."

अंगावर काटा आला. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसा बोथट होतात, बहुधा आधी पायांच्या. जखम झालेली कळत नाही. रक्तपुरवठा कमी पडला तर ती चिघळते आणि कधी पायच कापावा लागतो. हे सगळं मला अक्कांकडून कळलं. मी आपला चहा बिनसाखरेचा केला म्हणून निर्धास्त होतो. ज्वारीची म्हणून चार-चार भाकरी खायचो. ज्वारीचीही पोटात साखरच होते, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांच्या आग्रहानं तालुक्याला जाऊन एचबीए१सी तपासलं. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारा तो आकडा ७च्या आत हवा होता, माझा ९.८ निघाला. जखम भरायला सात आठवडे लागले. दवाखान्यातली पट्टी बदलून आलो की अक्का संध्याकाळी डोकावून जायच्याच.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात पंगत बसली, तेव्हा मला ताटाचीच भीती वाटत होती. अक्कांनी स्वतः वाढलं: भाज्या-शेंगांची भज्जी भरपूर, उंडा एक, गव्हाची खीर दोन घास. "सण सोडू नका. माप सोडू नका."

पुढच्या कोजागरीला बूट घालून निघताना पाय अडखळला. अक्का म्हणाल्या, "आई भवानी लेकरू आलं का तेवढं बघती. पायात काय हाय ते न्हाई बघत."

आता अक्का थकल्यात. त्यांचे पाय धरायला वाकलो की मागे सरतात. मी रोज रात्री आरशात तळपाय बघतो. रविवारी पारावर बसतो. कुणाला शुगर आहे असं कळलं की त्याला वहाणा काढायला सांगतो, त्याचं पाऊल मांडीवर घेतो आणि खिशातला कापूस काढून म्हणतो, "डोळे मिटा."