दोन मध्यम, एक नाव

बाईंकडे गाणं शिकायला जायचे तेव्हा दप्तरात एक चोरटी वही असायची. सदाशिव पेठेतला वाडा, कुरकुरणारा लाकडी जिना, वर माडीवर सतरंजी. बाई एखादी जागा दाखवायच्या आणि मी गुडघ्याआड वही धरून ती पेन्सिलीने उतरवून घ्यायचे. एकदा पकडली गेलेच. बाई चिडल्या नाहीत, तंबोरा तेवढा थांबवला. "मिट ती आधी. गायचंय कुणाला, वहीला की तुला?"

वहीवर त्यांचा राग होता तसाच सरगमवरही. बंदिशीत माणूस नुकता रमलाय आणि तुम्ही मध्येच त्याला जागं करून 'हा ग, हा म' सांगणार? पानावर बसलेल्याला कुणी आमटीतलं मीठ मोजून दाखवतं का? बाईंचं हे म्हणणं मला तेव्हा शंभर टक्के पटायचं. पंचाईत एवढीच, की घरी आले की मी किराणा घराण्याच्या गायिका प्रभा अत्रे यांची रेकॉर्ड लावायचे. मारूबिहाग आणि कलावती. त्यात सरगम सुरू झाली की बाईंचं सगळं म्हणणं जिन्याखाली राहून जायचं.

कारण प्रभाताई स्वरांची नावं सांगत नव्हत्या, गात होत्या. 'रे' म्हणताना ओठ वेगळे उघडतात, 'नि' म्हणताना आवाज बारीक होऊन टाळूशी जातो. आकारात गाणाऱ्याला जी मोकळी वाट असते ती इथे नाही. व्यंजन आडवं आलं की मींड तुटते. त्या मात्र 'ग'वरून 'प'कडे अशा काही सरकत, की अक्षराचा टवका कुठे उडायचा नाही. नाव आणि नावाची वस्तू एकाच श्वासात.

त्यांचं गाण्याकडे येणंच आडवाटेने झालं. जन्म पुण्याचा, 1932चा. घरात शिक्षणाचं वातावरण, गाण्याचा वारसा असा नाही. आई इंदिराबाई आजारी असायच्या. गाणं शिकलात तर मन रमेल, असं कुणीसं सुचवलं म्हणून त्यांची शिकवणी सुरू झाली. आईचे धडे चारच दिवस चालले आणि ऐकत बसलेली आठ वर्षांची मुलगी मात्र पुढची ऐंशी वर्षं गात राहिली. मध्ये तिने विज्ञानाची पदवी घेतली, कायद्याचीही घेतली. कायदा शिकलेल्या माणसाला शब्द वापरण्याआधी त्याची धार तपासायची सवय लागते. त्यांचं गद्य वाचताना मला ती सवय दिसते.

गुरू मिळाले सुरेशबाबू माने आणि मग हिराबाई बडोदेकर. दोघं सख्खी भावंडं, अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलं. गंमत अशी, की बाईंना खुपणारी ती सरगम किराणा घराण्यात खाँसाहेबांपासूनच होती. दक्षिणेच्या गायकीचा सहवास त्यांना लाभला होता, तिथला तो रंग. म्हणजे घराण्याच्या देवघरातच ती होती. प्रभाताईंच्या सरगमवर पुढे अमीर खाँसाहेबांची सावलीही पडली. पण त्यांनी जे केलं ते आधीच्यांनी केलं नव्हतं. लोक ज्या गोष्टीवर नाक मुरडतात, तीच गोष्ट त्यांनी डॉक्टरेटचा विषय म्हणून घेतली. मैफलीत जिचं उत्तर गळ्याने दिलं, तिच्यावर टेबलाशी बसून प्रबंध लिहिला.

आणि मग लिहीतच राहिल्या. 'स्वरमयी', 'सुस्वराली', स्वतःच्या बंदिशींचे संग्रह, 'अंतःस्वर'मधल्या कविता. (कविता मला तितक्या भिडल्या नाहीत, गद्य भिडलं. त्यांच्या कवितेला बहुधा तंबोऱ्याची सवय असावी, कागदावर ती थोडी एकटी पडते.) आकाशवाणीत नोकरी केली, संगीत नाटकांतून भूमिका केल्या, मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचा संगीत विभाग सांभाळला, पुण्यात 'स्वरमयी गुरुकुल' उभं केलं. अपूर्व कल्याण, मधुरकंस असे राग बांधले. 2016च्या एप्रिलमध्ये, वयाच्या 83व्या वर्षी, दिल्लीत एकाच मंचावर त्यांची अकरा पुस्तकं प्रकाशित झाली. पद्मश्रीपासून पद्मविभूषणपर्यंतचे मान रीतसर आले. ते सगळ्यांना ठाऊक आहेत.

पुष्कळजण म्हणतात, गाणं, लेखन, अध्यापन अशा तीन वाटा त्या चालल्या. मला तसं वाटत नाही. सरगम ऐका. स्वर लागतोय, ते गाणं. त्याला नाव दिलं जातंय, ते लेखन. आणि समोरच्याला नावासकट तो हातात मिळतोय, ते शिकवणं. तीन कामं एकाच 'ग'मध्ये उरकतात. त्यांनी पुढे आयुष्यभर केलं ते याच 'ग'ला सैल करून, उलगडून दाखवण्याचं काम. बाईंना जे मीठ मोजणं वाटायचं, ते खरं तर वाढणाऱ्याने समोरच्याला स्वयंपाकघरात बोलावणं होतं.

अर्थात बाई अगदीच चुकीच्या नव्हत्या. नाव तोकडं पडतं. मारूबिहागमध्ये दोन मध्यम आहेत, शुद्ध आणि तीव्र. गाताना दोघांनाही 'म'च म्हणायचं. एक स्थिर बसलेला, दुसरा पंचमाच्या उंबऱ्यावर पाय ठेवून उभा; पण हाक दोघांना एकच. कुठला तो फक्त कान सांगतो. इतकं लिहून, इतकं शिकवून प्रभाताईंना हे कळलं नसेल असं कसं म्हणावं? म्हणून तर लिहून झाल्यावर त्या पुन्हा गायला बसत असणार. सवाई गंधर्व महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी, सगळे गाऊन गेल्यावर, त्या मंचावर यायच्या. मागच्या सतरंज्यांवर निम्मी माणसं पेंगलेली, थर्मासमधला चहा संपलेला, डिसेंबरचा गारठा. त्या यायच्या, शांतपणे षड्ज लावायच्या आणि पेंगणारे एकेक करून ताठ बसायचे.

13 जानेवारी 2024ला पहाटे त्या गेल्या. त्याच दिवशी मुंबईत त्यांचं गाणं व्हायचं होतं.

बातमी कळल्यावर मी माळ्यावरून ती चोरटी वही काढली. कडा कुरतडलेल्या, पेन्सिल फिकट झालेली. मारूबिहागचं पान सापडलं. तीव्र मध्यमावर उभी रेघ द्यायची असते. काही ठिकाणी दिलीय, काही ठिकाणी घाईत राहून गेलीय, की पुसली गेलीय, सांगता येईना. एका ओळीत तर पाच 'म' होते, पाचही बोडके. गुणगुणून पाहिलं. दोन्ही बसत होते.

रेकॉर्ड प्लेअर कधीच मोडीत गेला. मुलाच्या फोनवर मारूबिहाग लावला, चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक केलं आणि सरगम येईपर्यंत वाट बघत बसले.