हरवलेली वही

केडगांव म्हटलें कीं पुष्कळांस दौंडच्या वाटेवरील, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिमिशनचें केडगांव आठवतें. आमचें केडगांव तें नव्हे. तें नगर शहरास खेटून पुणें रस्त्यावर आहे; आतां तर तें महानगरपालिकेच्या हद्दींतच मोडतें. नवरात्रांत रेणुकामातेच्या दर्शनास भोवतालचे लोक लोटतात, हीच त्याची ख्याति. या नामसादृश्यामुळें आजवर आमचीं किती पत्रें वाट चुकलीं असतील कोण जाणे! परंतु गेल्या महिन्यांत आलेलें एक पत्र वाट चुकलें असतें तर बरें झालें असतें, असें आम्हांस घटकाभर वाटून गेलें खरें.

पत्र होतें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें. येथें असतांना हा गृहस्थ आमच्या तासास कमी आणि खोखोच्या मैदानावर अधिक दिसे. सध्यां तो शिक्षणासाठीं पोलंडांत आहे. तेथें हिंवाळ्यांत मैदानें बर्फाखालीं जातात, तेव्हां लोक छपराखालीं 'फुटसाल' नांवाचा चेंडूचा खेळ खेळतात. एका बाजूस पांचच गडी, आणि अंगण चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद. १९३० सालीं दक्षिण अमेरिकेंत, माँटेव्हिडिओ येथें, हुआन कार्लोस सेरियानी नांवाच्या एका शिक्षकानें तो बसविला. पोलंडच्या दक्षिणेस बिएल्स्को-ब्याला गांवीं 'रेकॉर्ड' या नांवाचा एक संघ आहे. २०१४ सालीं तो प्रथम राष्ट्रीय विजेता झाला व पुढेंही अनेक वेळां झाला. हें सर्व सांगून आमचा विद्यार्थी लिहितो: "सर, यांच्या प्रत्येक सामन्याची नोंद आहे. कोणी कितव्या मिनिटास गोल केला, तेंही सांपडतें. आपल्या मंडळाची वही तुमच्याकडे होती ना? मुलांना फलक लावावयाचा आहे. जुन्या संघांचीं नांवें कळवावीं."

आम्हीं तत्काळ उत्तर लिहावयास बसलों. प्राध्यापकास प्रश्न विचारला कीं तो विचारलेल्याखेरीज इतर सर्व गोष्टींचें उत्तर देतो, हा अनुभव विद्यार्थ्यांस नवा नाहीं. आम्हीं त्यास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा इतिहास लिहिला. ही संस्था १९०६ सालची. आज पुणेंकर 'डेक्कनवर भेटूं' म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत रस्ता असतो, संस्था नसते. एका क्रीडासंस्थेनें शहराच्या एका भागास आपलें नांव द्यावें, याहून मोठें यश तें कोणतें? खोखो आपल्याकडे जुनाच. पण गांवोगांव त्याची तऱ्हा निराळी. १९१४ सालीं या जिमखान्यानें त्याचे नियम लेखनिविष्ट केले. १९१९ च्या सुमारास सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धांवणारीं खेड्यांतलीं माणसें पाहून ते चकित झाले, आणि त्यांच्या पुढाकारानें व पैशानें १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकांस आपले मोजके खेळाडू गेले. त्यांत बेळगांवकडील फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें एकोणिसावे आले. वेळ दोन तास पन्नास मिनिटें पंचेचाळीस सेकंद. कोल्हापूरचे मल्ल रणधीर शिंदे कुस्तींत चौथे आले. पदक एका पायरीनें हुकलें. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ जगास दाखविले. आणि १९ जानेवारी २०२५ रोजीं दिल्लींत खोखोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. भारताच्या पुरुषांनीं नेपाळास ५४–३६ नें व स्त्रियांनीं नेपाळासच ७८–४० नें हरविलें. पुरुषांच्या त्या स्पर्धेंत पोलंडचाही संघ होता, हें आम्हीं मुद्दाम अधोरेखित केलें.

पत्र चार पानें झालें. तें पुन्हां वाचतांना लेखणी आपोआप थांबली. चौगुल्यांच्या क्रमांकापुढें कोणी पहिला नव्हे, दुसरा नव्हे, अठरा जण त्यांच्यापुढें गेले. तरी शंभर वर्षांनंतर आम्ही त्यांची सेकंदें मोजून सांगतों. कां? तर शर्यतीच्या शेवटीं घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या कोण्या माणसानें तीं कागदावर टिपलीं. पोलंडचा मुलगा खोखो खेळतो तो कां? तर पुण्यांतील कांहीं मंडळींनीं एकदां बसून नियम लिहून काढले. पराक्रम करणारे पुष्कळ होऊन गेले. टिकले ते लिहिले गेलेले.

मग ज्या प्रश्नास आम्ही चार पानें चुकवीत होतों तो समोर येऊन बसला. वही कोठें आहे?

वही आमच्याकडे होती. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं आम्ही मंडळाचे चिटणीस होतों. आम्हांस खेळतां येत नसे. अक्षर चांगलें म्हणून हें पद मिळालें. लाल कापडी पाठीची ती लांबट वही. तींत प्रत्येक सामना, नऊही गड्यांचीं नांवें, कोण किती मिनिटें टिकला, कोणीं खांबापाशीं गडी टिपला, इतकेंच काय, चुन्याचा व चहाचा खर्च देखील. कोणा स्पर्धेहून रात्रीं मालमोटारींत उभ्यानें परत येतांना पोरांनीं ढाल मध्यें धरली होती, तेंही आम्हीं एका समासांत लिहिलें होतें.

पुढें आम्ही घर बदललें. पुस्तकांस जागा अपुरी पडूं लागली. इंग्रजी नियतकालिकांचे बांधीव खंड आम्हीं एकेक झटकून कपाटांत लाविले. हे ज्ञान होतें ना! आणि ती वही आम्हीं स्वतःच्या हातानें रद्दीच्या तागडींत टाकली. घरांतून विचारणा झाली, "ही मंडळाची दिसते, ठेवायची का?" आम्हीं म्हटलें, "आतां तिचा काय उपयोग?" ते बांधीव खंड आम्हीं त्यानंतर एकदांही उघडले नाहींत.

रविवारीं आम्ही त्या वेळच्या एका गड्याकडे गेलों. आतां त्याचें किराणा मालाचें दुकान आहे. वहीची हकीगत सांगितल्यावर तो रागावला नाहीं. रागावता तर सोपें झालें असतें. त्यानें तराजू बाजूस सारला व बोटांवर गडी मोजूं लागला. आठ झाले. नववा त्यासही आठवेना, आम्हांसही. "डावखुरा होता," तो म्हणाला, "आमच्यांत खांब त्याच्यासारखा कुणालाच वळता यायचा नाही. नांव काय बरं त्याचं?" ज्याच्या अंगची कला तीस-पस्तीस वर्षें एका दुकानदाराच्या डोळ्यांसमोर उभी आहे, त्याचें नांव तेवढें गेलें, आणि तें ज्या कागदावर होतें तो आमच्या हातून गेला.

चार पानांचें तें पत्र आम्हीं पाठविलें नाहीं. त्याऐवजीं चार ओळी पाठविल्या: वही मीं रद्दींत विकली, चूक माझी, आठ नांवें सोबत आहेत, नववी ओळ फलकावर कोरी सोडावी, भलतें नांव घालूं नये. 'आम्ही' हें सर्वनाम त्या चार ओळींत आम्हांस वापरवलें नाहीं.

परवां संध्याकाळीं मैदानावर गेलों होतों. आठ मुलें पाटीवर आळीपाळीनें पाठमोरीं बसलीं होतीं, नववा धांवत होता. एक नवी वही आम्हीं बरोबर नेली होती. त्या दिवसाच्या सामन्याचीं नांवें मुलांकडूनच लिहून घेतलीं. लिहून झाल्यावर त्यांच्यांतील सर्वांत धाकट्यानें विचारलें, "सर, वही कुणाकडं ठेवायची?"

"आमच्याकडे नको," आम्हीं म्हणालों.